मला झाकण नको, भिंत हवीय: पोटाच्या भिंतीवर प्रयोग करणाऱ्या सर्जन आणि संशोधकांना खुलं पत्र

डॉक्टर मंडळींनो, नमस्कार.

मी पेशंट आहे. तीन वर्षांपूर्वी माझं आतडं फुटलं, पोटभर पू झाला, नऊ दिवसांत पाच वेळा पोट उघडावं लागलं आणि पाचव्या वेळी ते बंदच होईना. आतडी इतकी सुजली होती की दोन्हीकडच्या कडा जवळ येईनात, जबरदस्तीनं ओढून शिवलं असतं तर आतला दाब वाढून किडन्या बसल्या असत्या, श्वास अडकला असता, म्हणून पोट उघडंच ठेवलं, वरून व्हॅक्यूमचं ड्रेसिंग लावलं आणि काही आठवड्यांनी आतड्यांवर लालसर मांस धरल्यावर मांडीची पातळ कातडी काढून थेट त्याच्यावर लावली. जीव वाचला. ज्यांनी वाचवला त्यांच्याबद्दल मनात फक्त कृतज्ञता आहे, हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको.

पण तेव्हापासून माझ्या पोटाला पुढची भिंत नाही. दोन्ही पंजे शेजारी शेजारी ठेवले की जेवढी जागा होते तेवढ्या जागेत कातडी आणि तिच्याखाली लगेच आतडं, मध्ये काहीच नाही. पाणी प्यायलं की थोड्या वेळानं त्या चकचकीत कातडीखाली एक वळवळ उठते, डावीकडून उजवीकडे सरकते, थांबते, परत येते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी सिस्टरना हाक मारली होती, काहीतरी बिघडलंय असं वाटून. त्या म्हणाल्या, हे सगळ्यांच्याच पोटात चालू असतं, तुम्हाला दिसतंय एवढंच.

पुढे वर्षभर दर दोन महिन्यांनी डॉक्टर ती कातडी चिमटीत धरून उचलून बघायचे. आतड्यापासून सुटून ती अलगद चिमटीत आली की समजायचं आता ऑपरेशन करता येईल, त्याआधी घाई केली तर कातडी सोडवताना आतडंच फाटतं. एक दिवस ती आली चिमटीत. मी रडले आनंदानं. ऑपरेशन झालं, बाजूचे स्नायू सैल करून मध्ये आणले, त्यांना आधार म्हणून जाळी टाकली, आणि चार महिन्यांत जाळीला इन्फेक्शन होऊन ती काढावी लागली. परत उघडी जखम, परत कातडी, ह्या वेळी दुसऱ्या मांडीची. आता एका टीमनं विचारलंय की आमच्या नव्या टिश्यूच्या ट्रायलमध्ये येता का. कन्सेंट फॉर्म माझ्याकडे आहे, तीनदा वाचलाय आणि तो वाचता वाचताच हे पत्र सुरू झालं, कारण फॉर्ममध्ये 'यश' हा शब्द अकरा वेळा आलाय आणि यश म्हणजे काय ते फक्त एकदा लिहिलंय: भोक बंद राहणं. स्कॅनमध्ये परत हर्निया, म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या भोकातून आतडं बाहेर येणं, न दिसणं.

माझं म्हणणं ह्या एका ओळीबद्दल आहे.

तुम्हाला पोटाची रचना मी काय शिकवणार, पण पेशंटच्या बाजूनं ती कशी कळते ते एकदा ऐका. मधोमध उभे दोन स्नायू, दोन्ही बाजूंना एकावर एक तीन पदर, आणि हे सगळे मध्ये ज्या पांढऱ्या चिवट रेघेला बांधलेले असतात ती रेघ. तंबूच्या दोऱ्या खुंटीला बांधाव्यात तसं. माझी खुंटीच गेलीय. त्यामुळे बाजूचे स्नायू जिवंत आहेत, त्यांना नसा आहेत, पण ओढायला समोर काही नाही म्हणून ते आखडून, जाड होऊन कुशीकडे सरकलेत, आणि भोक दर वर्षी थोडं थोडं रुंद होतंय. परवा मोजलं तेव्हा १९ सेंटिमीटर. युरोपियन हर्निया सोसायटीच्या वर्गवारीत १० सेंटिमीटरच्या पुढचं सगळं सगळ्यात मोठ्या गटात टाकतात, मी त्याच्या जवळपास दुप्पट आहे.

आणि ही भिंत काय काय करायची ते ती गेल्यावर कळलं. खोकला. मला खोकताच येत नाही, पोटावर उशी दाबून धरावी लागते आणि तरी कफ सुटत नाही. शिंक आली की आधी दोन्ही हात पोटावर जातात. संडासला जोर लावता येत नाही. कंबर सतत दुखते कारण पाठीला पुढून कुणी धरलेलंच नाही. अंथरुणातून सरळ उठता येत नाही, आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हाताच्या जोरावर उठायचं. पट्टा बांधल्याशिवाय घराबाहेर पडणं नाही. ह्यातली एकही गोष्ट सीटी स्कॅनमध्ये दिसत नाही.

गेली दोन वर्षं मी ह्या विषयावर मिळेल ते वाचतेय, न कळलेलं फिजिओथेरपिस्टना आणि डॉक्टरांना विचारून घेतेय. सगळ्यात जास्त वाचलं ते दुसऱ्या माणसाच्या पोटाच्या भिंतीच्या ट्रान्सप्लांटबद्दल. अमेरिकेतल्या मायामीच्या टीमनं २००३ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की ८ पेशंटना मिळून ९ वेळा मृत डोनरची पोटाची भिंत बसवली, कातडी, स्नायू, रक्तवाहिन्या सगळ्यांसकट. ते पेशंट आतड्याच्या किंवा अनेक अवयवांच्या ट्रान्सप्लांटचे होते. आधीच्या ऑपरेशनांनी पोट आक्रसलेलं असतं, नवं आतडं आत ठेवलं की पोट बंदच होत नाही, अशांसाठी ही कल्पना. मला तर वाचताना अंगावर काटा आला, कारण बंद न होणारं पोट म्हणजे काय ते मला माहितीय.

त्यानंतर ऑक्सफर्डच्या टीमनं एक गोष्ट केली ती मी घरात सगळ्यांना सांगितलीय. डोनरची भिंत बर्फात फार वेळ ठेवली तर स्नायू मरतो, आणि आतडं बसवायला तर तासन् तास लागतात. मग त्यांनी काय केलं, ती भिंत आधी पेशंटच्या हाताला जोडली, कोपराखालच्या रक्तवाहिन्यांना. म्हणजे एक टीम पोटात आतडं बसवतेय आणि तोवर पोटाची भिंत हातावर, त्याच माणसाच्या रक्तावर जगतेय. पोट तयार झालं की हातावरून काढून तिच्या जागी बसवायची. आणि त्याच टीमनं आणखी एक मोलाचं बघितलं की रिजेक्शन, म्हणजे शरीरानं परकं मांस नाकारणं, सुरू व्हायला लागलं तर ह्या डोनरच्या कातडीवर पुरळ उठतो, बऱ्याचदा आतड्यात काही कळायच्या आधी. आत काय चाललंय हे बाहेरच्या कातडीनं सांगणं, किती मोठी गोष्ट आहे ही. नाहीतर आतड्याचं रिजेक्शन बघायला दर वेळी दुर्बीण घालून तुकडा काढावा लागतो.

अख्खी भिंत न घेता स्नायूवरचा चिवट पांढरा पापुद्रा तेवढा घेऊन, रक्तवाहिन्या न जोडता, शिवणंही झालंय, २००९ पासून त्याबद्दल छापून आलंय. आणि २०१८ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात अफगाणिस्तानात स्फोटात जखमी झालेल्या एका सैनिकाला लिंग, अंडकोषाची पिशवी आणि पोटाच्या भिंतीचा काही भाग एकत्र बसवला, १४ तास ऑपरेशन चाललं. त्याला अवयवाचं दुसरं कुठलंही ट्रान्सप्लांट लागत नव्हतं, तरी जन्मभर औषधं घ्यायची त्याची तयारी होती. ह्या केसबद्दल मी खूप विचार केलाय, पुढे येतेच त्यावर.

हे सगळं वाचून मी एकदा डॉक्टरांना थेट विचारलं, मला दुसऱ्याची भिंत का नाही बसवत. त्यांनी सरळ नाही म्हटलं आणि का नाही तेही सांगितलं, अर्धा तास बसून, त्याबद्दल त्यांचे उपकार आहेत. दुसऱ्याचं मांस अंगात टिकवायचं तर इम्युनिटी दाबणारी औषधं कायम. त्यातल्या टॅक्रोलिमस ह्या औषधानं किडनीवर ताण, शुगर वाढू शकते, साधं इन्फेक्शन जिवावर बेतू शकतं, कातडीचा कॅन्सर आणि लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर ह्यांचा धोका वाढतो. ज्याला आतड्याच्या ट्रान्सप्लांटसाठी ही औषधं घ्यायचीच आहेत त्याला भिंतीचं वेगळं ओझं फारसं पडत नाही. पण माझं आतडं चालतंय, मी जेवतेय, मग फक्त भिंतीसाठी एवढा धोका? ते म्हणाले, तुमचा आजार जीव घेणारा नाहीये, ही औषधं मात्र जीव घेऊ शकतात. मला पटलं. १९९८ साली फ्रान्समधल्या लिऑंमध्ये जगातलं पहिलं गाजलेलं हाताचं ट्रान्सप्लांट झालं, पेशंटनं पुढे औषधं थांबवली आणि २००१ मध्ये तो हात परत काढावा लागला. हात काढला तर माणूस हाताशिवाय राहतो. पोटाची भिंत काढली तर परत उघडं पोट. मी तिथून येतेय, मला माहितीय तिथं कसं असतं.

आणि दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती मला जास्त लागली. म्हणाले, ह्या बहुतेक ट्रान्सप्लांटमध्ये रक्तवाहिन्या जोडतात, नसा जोडत नाहीत. पोटाच्या स्नायूंना नसा येतात पाठीतून, छातीच्या खालच्या मणक्यांपासून, एक नाही तर दोन्ही बाजूंना पाच-सहा, फासळ्यांमधून वळसा घालून. त्या जोडल्या नाहीत तर बसवलेला स्नायू आवळत नाही, हळूहळू वाळत जातो. आत रक्त खेळतंय, कातडी उबदार आहे, पण खोकताना तो काही करत नाही. म्हणजे जिवंत झाकण.

झाकणाला मी नावं ठेवत नाहीये हां. ज्याचं नवं आतडं उघड्यावर पडलंय त्याला झाकण म्हणजेच आयुष्य. पण पेशंटला आधी सांगा ना, की हे झाकण आहे का भिंत आहे. माझ्या फॉर्मवर लिहिलंय 'पोटाच्या भिंतीची पुनर्रचना'. हे शब्द वाचल्यावर कुठल्याही माणसाला वाटणार की आता मी खोकू शकेन, सरळ उठून बसू शकेन. तिथं एक वाक्य हवं होतं, ह्यानं आतडी आत राहतील, स्नायूचं काम परत येईल असं आम्ही म्हणत नाही. एवढं वाक्य वाचून मी कदाचित तरीही सही केली असती. पण माहीत असून केली असती.

आता माझ्या ट्रायलकडे येते. मला जे देऊ करताय ते दुसऱ्याचं जिवंत मांस नाही, पेशी धुऊन काढलेलं टिश्यू आहे, नुसता सांगाडा, त्यात माझ्या पेशी शिरतील आणि ते माझंच होईल असं सांगितलंय. ह्यात रिजेक्शनची औषधं लागत नाहीत, हा केवढा तरी फायदा, मान्य. पण हीच गोष्ट, ह्याच शब्दांत, आधीही सांगितली गेलीय. डुकराच्या नाहीतर माणसाच्या कातडीतल्या पेशी काढून केलेल्या बायोलॉजिकल जाळ्या, त्यांच्याबद्दलही हेच म्हणायचे की शरीर त्यांना आपलं करून घेतं, इन्फेक्शनला टिकतात, म्हणून जिथं जखम जंतूंनी भरलेली आहे आणि प्लास्टिकची जाळी टाकायला सर्जन घाबरतात तिथं ह्या वापरा. वर्षानुवर्षं वापरल्या. २०१२ मध्ये ८० पेशंटचा एक अभ्यास आला, डुकराच्या टिश्यूची जाळी, दूषित जखमा, दोन वर्षांत २८ टक्के लोकांना हर्निया परत. त्यात तुलनेला दुसरा गट नव्हता. आणि कुणाला कुठली जाळी हे चिठ्ठ्या टाकून ठरवून समोरासमोर तुलना करणारी मोठी ट्रायल छापून आली कधी, तर २०२२ मध्ये. २५३ पेशंट. दोन वर्षांत बायोलॉजिकल जाळीत २०.५ टक्के लोकांना परत हर्निया, साध्या सिंथेटिक जाळीत ५.६ टक्के. आणि बायोलॉजिकलची किंमत साध्या जाळीच्या जवळपास २०० पट.

मी ते आकडे वाचून बराच वेळ नुसती बसून होते. ती ट्रायल करणाऱ्यांचे मी आभारच मानते, त्यांनी केली नसती तर अजूनही तेच चाललं असतं. पण मधल्या सगळ्या वर्षांत ज्यांच्या पोटात ते घातलं त्यांना काय सांगून घातलं असेल? त्यांनाही असाच फॉर्म दिला असेल ना, शरीर आपलं करून घेईल असं लिहिलेला. वापर आधी पसरतो आणि तुलना मागून रखडत येते, तो मधला काळ आमच्या पोटातून जातो.

ह्याहून वाईटही झालंय आणि ते तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. २०११ मध्ये स्वीडनमधल्या एका हॉस्पिटलात पेशंटच्याच पेशी लावलेली प्लास्टिकची श्वासनलिका बसवली, जगभर बातमी झाली, कौतुक झालं. त्या हॉस्पिटलमध्ये अशी ज्या तिघांवर ऑपरेशनं झाली ते तिघंही पुढे दगावले. प्राण्यांवरची पुरेशी तपासणी आधी झालेली नव्हती. २०२३ मध्ये अपील कोर्टानं त्या सर्जनला अडीच वर्षांची शिक्षा दिली. तुम्ही तसे आहात असं मी अजिबात म्हणत नाही. पण तुमच्या फॉर्ममध्ये प्राण्यांवर काय झालं ह्याबद्दल 'उत्साहवर्धक निष्कर्ष' एवढे दोन शब्द आहेत. कुठले प्राणी, किती, भोक किती मोठं केलं होतं, किती दिवस बघितलं? उंदराच्या पोटातलं दोन सेंटिमीटरचं भोक आणि माझं १९ सेंटिमीटरचं ह्यात मोठा फरक आहे, छोट्या भोकात कडेच्या पेशी सरकत सरकत मध्यापर्यंत पोचतात, एवढ्या मोठ्या तुकड्याच्या मध्यापर्यंत रक्त पोचायच्या आत तो मध्यच मरू शकतो. हे मला फिजिओथेरपिस्टनं कागदावर गोल काढून समजावलं. फॉर्मनं समजावायला हवं होतं.

चांगली उदाहरणं नाहीत असं नाही, आहेत, आणि तीच मला दाखवायचीत. २०१४ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गच्या गटानं पायाच्या स्नायूंचा मोठा भाग गेलेल्या ५ जणांवर डुकराच्या मूत्राशयाचा पेशी काढलेला सांगाडा वापरला. मला त्यातली पद्धत फार आवडली. ऑपरेशनच्या आधी त्या पाचही जणांकडून फिजिओथेरपी करून घेतली, इतकी की आता व्यायामानं ह्याहून जास्त सुधारणा होणं शक्यच नाही अशा जागी आणून ठेवलं, तिथं ताकद मोजली, मग ऑपरेशन, मग परत व्यायाम, मग परत मोजली. म्हणजे नंतर जे वाढलं त्याची तुलना त्याच माणसाच्या आधीच्या सगळ्यात चांगल्या आकड्याशी. पाचातल्या तिघांत कामात सुधारणा दिसली, दोघांत नाही, आणि ते तसं लिहिलं. पाचच माणसं, पण वाचल्यावर कळतं की काय मिळू शकतं आणि काय नाही.

आणि स्वीडनमध्येच, हो तिथंच, महाकाय हर्नियावर पेशंटच्या स्वतःच्या जाड कातडीचा तुकडा जाळीसारखा वापरून त्याची सिंथेटिक जाळीशी चिठ्ठ्या टाकून तुलना केली. कल्पना जुनी आहे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनची. पण त्यांनी काय केलं, अशा पेशंटच्या पोटाच्या स्नायूंची ताकद मशीनवर मोजली. पोटाची ताकद! मला कुणी कधी मोजली नाही. तीन वर्षांत माझं रक्त शेकडो वेळा काढलंय, सीटी चौदा झालेत, पण पोटानं तू किती जोर लावू शकतेस हे कुणी विचारलं नाही, माझ्या फिजिओथेरपिस्टशिवाय.

तर माझं मागणं. ऑपरेशनच्या आधी आम्हाला मोजा. स्कॅन कराच, पण माणूसही मोजा, खोकल्याचा जोर, अंथरुणातून उठायला लागणारा वेळ, पट्ट्याशिवाय किती चालते, कंबर किती दुखते, रात्री किती वेळा जाग येते. तेच सगळं सहा महिन्यांनी, वर्षानं, आणि दहा वर्षांनी पण. दहा म्हणतेय ते उगाच नाही. साध्या टाक्यांची आणि जाळीची तुलना करणारी २००० सालची प्रसिद्ध ट्रायल आहे, तीन वर्षांनी टाक्यांच्या गटात ४३ टक्के आणि जाळीच्या गटात २४ टक्के लोकांना परत हर्निया होता. त्याच लोकांना दहा वर्षांनी बघितलं तर ६३ आणि ३२. तीन वर्षांवर थांबले असते तर ही वाढ कुणाला कळलीच नसती. माझ्या फॉर्मवर फॉलोअप आहे २४ महिन्यांचा. माझं वय ४१ आहे, मला पुढची तीस वर्षं ह्या पोटात राहायचंय.

नसांबद्दल स्पष्ट लिहा. जोडणार असाल तर किती जोडणार, कुठल्या, आणि स्नायू हलला नाही तर पुढे काय. जोडणार नसाल तर तेही. आणि फसलं तर काय ते अर्ध्या पानात उरकू नका. ते टिश्यू कुजलं, सुटलं, आतड्याला भोक पडलं तर कोण बघणार, परत उघडं पोट झालं तर ट्रायलची टीम माझ्या बरोबर असणार का मी परत कुठल्यातरी इमर्जन्सी वॉर्डात नव्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगत बसणार. एकदा बसलेय. त्या रात्रीच्या ड्युटीवरच्या डॉक्टरांना जाळी कुठल्या पदरात टाकलीय हे माहीत नव्हतं, मलाही नव्हतं, आणि कागद दुसऱ्या गावात होते.

फसलेल्या केसेस छापा हो. माणसांवरच्या संशोधनाची नीती सांगणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्यात स्पष्ट आहे की नकारात्मक आणि धड इकडे ना तिकडे असे निकालही जाहीर करायचे. सर्जरीतल्या नव्या कल्पना पायरीपायरीनं कशा पुढे न्यायच्या ह्यासाठी २००९ पासून आयडियल नावाची पद्धत आहे, पहिल्या पेशंटपासून नोंद ठेवायची, मग थोडे, मग तुलना, मग लांबचा हिशोब. हात आणि इतर मिश्र टिश्यूंच्या ट्रान्सप्लांटची आंतरराष्ट्रीय नोंदवही आहेच. पोटाच्या भिंतीचे जगभरातले पेशंट मोजून काही डझन, इतक्या थोड्यांत एकाची जरी गोष्ट गाळली तरी सगळं चित्र बदलतं. ज्याचं फसलं त्यानं तर तुम्हाला जास्त शिकवलंय, त्याचं पान तेवढंच लांब असू द्या.

त्या सैनिकाबद्दल म्हटलं होतं ना, पुढे येते म्हणून. त्याला औषधं जन्मभर घ्यायची होती, धोका माहीत होता, आणि त्यानं हो म्हटलं. आधी मला वाटायचं, कसं कुणी हो म्हणेल. आता तसं वाटत नाही. जीव वाचवणारं ऑपरेशन आणि जगणं सुधारणारं ऑपरेशन अशी जी रेघ तुम्ही मारता ती बाहेरून बघताना सरळ दिसते. आतून तशी नसते. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, तो मागून येऊन मिठी मारतो, पुढून मारायची नाही हे त्याला कळलंय, कुणी न सांगता. ह्यासाठी मी किती धोका घ्यावा हे ठरवायचा अधिकार माझाही आहे. फक्त ठरवायला माझ्या हातात खरी माहिती द्या. प्रयोग करू नका असं मी म्हणत नाहीये, उलट करा, लवकर करा, आमच्यासारख्यांना दुसरी वाट नाही.

आणि जाता जाता, जे सर्जन ह्या प्रयोगांत नाहीत, रोज पोटं उघडतात आणि बंद करतात, त्यांनीही हे वाचलं तर बरं. २०१५ मध्ये ५६० पेशंटची एक ट्रायल आली, पोट बंद करताना एक एक सेंटिमीटरचे मोठे टाके घेण्याऐवजी पाच पाच मिलिमीटरचे बारीक टाके घेतले तर वर्षभरात हर्निया होण्याचं प्रमाण २१ टक्क्यांवरून १३ वर आलं. काही मिनिटं जास्त लागतात. माझ्या बाबतीत त्याचा उपयोग नव्हता, माझं पोट बंदच होत नव्हतं, पण बाकी कितीतरी जण माझ्या रांगेत यायचे वाचतील.

माझ्या फिजिओथेरपिस्टनं मला एक साधी टेस्ट शिकवलीय. खुर्चीत बसायचं, हात छातीवर दुमडायचे, आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी करते, पट्टा बांधून, मुलगा घड्याळ बघतो. आकडे एका वहीत आहेत. आज सकाळचा आकडा ४ आहे. तुमच्या फॉर्मची सतरा पानं मी परत चाळली, हा ४ लिहायला कुठंच जागा नाही. ती जागा करा, मग मी सहीबद्दल बोलायला येते, वही घेऊन.

तुमची,
एक पेशंट